विज्ञान भाग 2, गुण 40

आपाने दहावीला बसायचं ठरवलं तेव्हा तिचं वय 40 होतं आणि माझं 36. नववीत असताना तिचं लग्न ठरलं, शाळा सुटली, आणि तिच्या दप्तरातली कंपासपेटी माझ्याकडे आली. ती मी पुढे बारावीपर्यंत वापरली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या सगळ्या हकिकतीत मी मास्तर आणि ती विद्यार्थिनी असं दिसेल, आणि ते तितकंसं खरं नाही.

सोलापुरात एका प्रसूतिगृहात ती नऊ वर्षं आया म्हणून काम करते. तिच्या हाताखाली शिकलेल्या दोन मुली तिच्या पुढे गेल्या, कारण त्यांच्याकडे दहावीचं सर्टिफिकेट होतं. तिसऱ्या वेळी तसंच झालं तेव्हा ती रात्री फोनवर म्हणाली, "मुन्ना, वो सतरा नंबर का फॉर्म क्या रहता रे?" मी पुण्यात. जुन्या शाळेतून दाखला काढणं, फॉर्म भरणं, संपर्क केंद्रावर खेटे घालणं हे सगळं तिनेच केलं. केंद्रावरच्या एका बाबूने तिला विचारलं, परीक्षा मुलीची आहे ना? ती म्हणाली, मुलगी तर फार्मसीला आहे, परीक्षा माझी आहे.

माध्यम उर्दू घेतलं. आपा महापालिकेच्या उर्दू शाळेत शिकली, मी मराठी शाळेत. अब्बांचा तेव्हाचा हिशेब असा होता की मुलीला दीन कळावा आणि मुलाला नोकरी लागावी. या हिशेबावर मी आधीही लिहिलं आहे, पुन्हा उगाळत नाही. पण त्याचा परिणाम असा झाला की अभ्यासाला बसलो तेव्हा आमच्यापुढे एकाच पुस्तकाच्या दोन प्रती होत्या. बालभारतीचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग 2', एक उर्दू आणि एक मराठी. धडे तेच, चित्रं तीच, फक्त तिचं पुस्तक उजवीकडून उघडायचं आणि माझं डावीकडून. समोरासमोर बसून दोन्ही पुस्तकं टेकवली की एकच पुस्तक दोन्ही बाजूंनी वाचत असल्यासारखं वाटायचं.

शनिवारी मी हुतात्मा एक्सप्रेसने यायचो, रविवारी सकाळी बसायचो. बाकी दिवस फोनवर.

पहिल्याच रविवारी कळलं की दहावीचं पुस्तक उघडण्यात अर्थ नाही. पेशी म्हणजे काय इथूनच गाडी अडली. मग धाकट्या भाचीचं आठवीचं पुस्तक काढलं. भाच्या तिघी मराठी शाळेतल्या, त्यामुळे ते मराठीत. मी म्हणायचो पेशी, ती म्हणायची खलिया. मी केंद्रक, ती मरकज़ा. श्वसनाला तनफ़्फ़ुस. गुणसूत्राला जुन्या उर्दू पुस्तकांत 'लौनी जिस्म' म्हणतात, म्हणजे रंगीत वस्तू. हे ऐकून मी चाट पडलो. मी बीएस्सी वनस्पतिशास्त्र, क्रोमोसोम हा शब्द हजार वेळा लिहिलेला, पण त्या ग्रीक शब्दाचा अर्थही हाच आहे आणि रंगद्रव्य टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली ही सूत्रं ठसठशीत दिसतात म्हणून ते नाव पडलं, हे मला आपाच्या भाषेतून आठवलं. मराठीतलं 'गुणसूत्र' त्यांचं काम सांगतं, उर्दूतलं नाव त्यांचं दिसणं सांगतं. विद्यार्थ्याला दोन्ही मिळाले तर किती बरं.

शिरा आणि धमनी ती कायम उलटसुलट करायची. हृदयाकडून रक्त नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शिरा, हे चार वेळा सांगून झालं. मग उर्दू शब्द आठवले, शिरयान आणि वरीद. 'वरीद' म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. हा शब्द सूरह क़ाफ़मध्ये आहे, तिला ती सूरह तोंडपाठ आहे, आणि त्याचा अर्थ तिला लहानपणी उस्तानीने गळ्यावर बोट ठेवून दाखवला होता. तिने बोट मानेवर ठेवलं. "ये वापस आनेवाला खून है?" हो, मेंदूकडून परत येणारं. त्यानंतर तिचा शिरा आणि धमनीचा घोळ कधी झाला नाही.

त्याच दिवशी मी थोडी शेखी मिरवली. म्हटलं, आपा, रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून डाव्या बाजूला थेट जात नाही, फुफ्फुसांतून फिरून जातं, हे तेराव्या शतकात इब्न अन-नफ़ीसने लिहून ठेवलं होतं. दमास्कसकडचा माणूस, कैरोमध्ये हकीम होता. त्याच्या आधी हजार वर्षं लोक गॅलनचं मानत आले होते की हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि रक्त त्यांतून पलीकडे जातं. याने सांगितलं, छिद्रं नाहीत. युरोपात हार्वेचं रक्ताभिसरणाचं पुस्तक आलं ते 1628 मध्ये. आपाने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "फिर हमकू स्कूल में कायकू नै बताए?" मी सांगितलं की त्याचं ते हस्तलिखित बर्लिनच्या ग्रंथालयात पडून होतं, 1924 मध्ये एका इजिप्शियन डॉक्टरच्या नजरेस आलं, तेव्हा कुठे जगाला कळलं. ती म्हणाली, "मतलब लिखके रखे और कोई पढ्याच नै." आमच्या जलशांमध्ये 'आपण सगळं आधीच शोधलं होतं' असं छाती फुगवून सांगणाऱ्यांना मी हे वाक्य ऐकवायला हवं होतं.

दहावीच्या पुस्तकावर आलो तेव्हा डिसेंबर उजाडला होता. पहिलाच धडा आनुवंशिकता आणि उत्क्रांती. मला वाटलं होतं इथं अडेल. गल्लीतल्या एका बाईंनी तिला आधीच बजावलं होतं की तो धडा सोडून दे, बाकीच्यावर पास होशील. आपाने मला विचारलं, हे लिहू का? मी म्हटलं, पुस्तकात काय आहे ते पेपरात लिही, तुझ्या मनात काय आहे ते बोर्ड विचारत नाही. हे उत्तर पळपुटं होतं, मला ठाऊक आहे. मी स्वतः उत्क्रांती मानतो, त्यासाठी मला ईमान सोडावं लागलं नाही, आणि हे तिला सरळ सांगायला काय हरकत होती? पण तिने तो धडा माझ्याहून सहज घेतला. अवशेषांगांच्या यादीत कानाचे स्नायू आले. माकडाला उपयोगी, माणसाला निरुपयोगी. आमच्या मामांना कान हलवता यायचे, ईदला सगळी पोरं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. आपा हसता हसता लवंडली. म्हणाली, मामूंचं नाव उदाहरणात लिहिलं तर गुण मिळतील का?

दुसऱ्या धड्यात पेशीविभाजन. सूत्री विभाजनाच्या चार अवस्था, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. मी क्लासमधल्या मुलांना पाठ करून घ्यायचो तशा आकृत्या काढल्या. मध्यावस्थेत सगळी गुणसूत्रं पेशीच्या मध्यावर एका रांगेत येतात. आपा म्हणाली, "सफ सीधी करते." पश्चावस्थेत प्रत्येक गुणसूत्राच्या दोन जोडभगिनी वेगळ्या होऊन दोन टोकांना ओढल्या जातात. "सलाम फेरके अपने अपने घर." मी इतकी वर्षं शिकवलं, मला असं कधी सुचलं नाही.

ऊर्जेचा भाग मात्र तिला खरोखर आवडला. ग्लुकोजचं पेशीद्रवात विघटन, मग तंतुकणिकेत क्रेब्स चक्र, आणि शेवटी एटीपी. पुस्तक एका ग्लुकोजमागे 38 एटीपी सांगतं. (वरच्या वर्गांत हा आकडा कमी सांगतात, पण तिला ते सांगून गोंधळात पाडलं नाही.) एटीपीला ऊर्जेचं चलन म्हणतात, असं मी म्हटलं. तिचं तयार होतं: ग्लुकोज म्हणजे पाचशेची नोट, रिक्षावाला घेत नाही. आधी सुट्टे करावे लागतात. एटीपी म्हणजे सुट्टे. मी पुढे म्हटलं, आणि कर्बोदकं कमी पडली तर शरीर मेद मोडतं, तेही नसेल तर प्रथिनं. ती म्हणाली, हे माहीत आहे, आधी गल्ला, मग कपाटातलं, मग बांगड्या. बांगड्या मोडल्याचा प्रसंग तिच्यावर खरोखर आला होता, म्हणून मी हसलो नाही.

आता तिसरा धडा. तो मी टाळत होतो.

सजीवांतील जीवनप्रक्रिया, भाग दोन. प्रजनन. मोठ्या बहिणीला हा धडा धाकट्या भावाने कसा शिकवायचा? आमच्याकडे टीव्हीवर सॅनिटरी पॅडची जाहिरात लागली तरी सगळे एकदम काहीतरी शोधायला उठतात. मी म्हटलं, आपा, हा तू आपली आपण वाच, सोपा आहे, अडलं तर मोठीला विचार. तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं लहानपणी मी दुधाच्या पातेल्यात बोट घातल्यावर बघायची. म्हणाली, "मुन्ना, मैं रोज तीन डिलिव्री देखती."

आणि मग तो धडा तिने मला शिकवला. वार कशी दिसते ते तिने सांगितलं. पुस्तकातल्या चित्रात ती एक करडा ठिपका आहे, प्रत्यक्षात ती ताटलीएवढी असते, एका बाजूने खडबडीत, दुसऱ्या बाजूने गुळगुळीत, आणि पूर्ण बाहेर आली की नाही हे पसरून तपासावं लागतं, तुकडा आत राहिला तर बाई जाते. नाळेत तीन नळ्या असतात हे तिने बघून बघून मोजलेलं होतं. मी परीक्षेसाठी पाठ केलं होतं, दोन धमन्या, एक शिरा. तिला फक्त नावं माहीत नव्हती. अर्धा तास मी नावं सांगत होतो आणि ती वस्तू सांगत होती.

मग लिंगनिश्चितीचा परिच्छेद आला. तो तिने मोठ्याने वाचायला घेतला, उर्दूत, बोट ठेवून. माणसाच्या पेशीत 46 गुणसूत्रं, 23 जोड्या. बाईच्या शेवटच्या जोडीत दोन्ही एक्स, पुरुषाच्या एक एक्स, एक वाय. अर्धगुणसूत्री विभाजनात जोड्या फुटतात. म्हणून बाईच्या प्रत्येक अंडपेशीत एक्सच असतो, पुरुषाच्या निम्म्या शुक्रपेशींत एक्स आणि निम्म्यांत वाय. एक्सवाली पोचली तर मुलगी, वायवाली पोचली तर मुलगा.

तिने वाचायचं थांबवलं. परत पहिल्या ओळीपासून वाचलं, या वेळी मनात. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, ती उठली नाही, धाकटीने जाऊन गॅस बंद केला.

धाकटी जन्मली तेव्हाचं सांगायला हवं. ती तिसरी मुलगी. पाच महिन्यांची होती तेव्हा आमच्या घरी बैठक बसली. दुल्हाभाई, त्यांचे मोठे भाऊ, त्यांच्याकडचे दोन बुजुर्ग, आमच्याकडून अब्बा, मोठे चाचा आणि मी. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की आपाच्या कुशीत मुलगा नाही, आणि त्यांना वंशाला मुलगा हवा, म्हणून दुसरा निकाह करू द्या, नाहीतर फारकत. शब्द अदबीचे होते, चहा दोनदा झाला. चाचा म्हणाले, अल्लाह की मर्ज़ी. समोरचे म्हणाले, मर्ज़ी अल्लाहची, पण कमी बाईतली. अब्बा खाली बघत होते. आपा आतल्या खोलीत, दाराच्या पडद्यामागे, मांडीवर बाळ घेऊन.

मी 23 वर्षांचा होतो. बीएस्सी झालो होतो आणि त्या वर्षी एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना शिकवत होतो. बैठकीच्या आठवडाभर आधी मी फळ्यावर एक्स आणि वायचा तक्ता काढला होता आणि मुलांना सांगितलं होतं की हा प्रश्न हमखास येतो, कारणांसह लिहा.

बैठकीत मी एक शब्द बोललो नाही. मोठ्यांमध्ये बोलायचं नसतं म्हणून, 'असल्या' गोष्टी बोलायच्या नसतात म्हणून. खरं म्हणजे माझ्या डोक्यातही आलं नाही की फळ्यावरचं ते आणि समोर चाललेलं हे, एकच आहे. हे मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आलोय. ते पूर्ण खरं नाही. डोक्यात आलं होतं. चहाचा कप हातात होता आणि आलं होतं.

आपाने पुस्तक मिटलं नाही. बोट त्याच ओळीवर. "तेरेकू ये मालूम था?"

हौ, मी म्हटलं.

"तब बी?"

तब बी.

ती काही बोलली नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. जरा वेळाने तिने मराठी पुस्तक ओढून घेतलं आणि तोच परिच्छेद मराठीत शोधायला लागली. तिला मराठी वाचता येतं, सावकाश. मला वाटतं दोन्हीकडे तेच लिहिलंय का याची ती खात्री करून घेत होती. प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' ही पाटी तिने नऊ वर्षं रोज बघितली आहे. 1994 च्या कायद्याने ती लावावीच लागते. तपासणी गुन्हा आहे हे त्या पाटीवरून कळतं. वाय कुठून येतो हे कोणत्याही पाटीवर लिहिलेलं नसतं. मुलगा झाला की नातेवाईक तिला पाचशे देतात, मुलगी झाली की पन्नास, कधी तेही नाही, आणि काही वेळा सासू तिच्याकडेच अशी बघते की जणू बदलून आणलं.

मग तिने एक प्रश्न विचारला, जो मला अपेक्षित नव्हता. निम्म्यांत एक्स, निम्म्यांत वाय, म्हणजे दर वेळी छापा-काटा? हो. तीन वेळा लागोपाठ छापा पडणं म्हणजे किती? मी सांगितलं, आठात एक. तिने बोटांवर मोजलं, मुलगी-मुलगी-मुलगी, मुलगी-मुलगी-मुलगा, असं करत आठही. "मतलब उनकी बी गलती नै."

मी म्हटलं, नाही, त्यांचीही नाही. गुणसूत्र त्यांच्याकडून येतं, पण कुठलं यावं हे त्यांच्या हातात नव्हतं.

"गलती नै, पर बोले वो गलत बोले."

हो.

"और तू बोल्या नै."

एवढं बोलून ती उठली आणि कुकर उघडायला गेली. त्या रविवारी पुढे अभ्यास झाला नाही. जेवताना तिने मला नेहमीसारखं दुसऱ्यांदा वाढलं. परतीच्या गाडीत मी तो धडा चाळला आणि शेवटच्या स्वाध्यायात हाच प्रश्न सापडला, अपत्याचं लिंग पुरुषावर ठरतं हे चूक की बरोबर, कारण सांगा. म्हणजे राज्यातली सगळी मुलं-मुली पंधराव्या-सोळाव्या वर्षी याचं उत्तर लिहितात. उर्दूत, मराठीत, आणखी किती भाषांत. त्या बैठकीत बसलेल्यांपैकी दुल्हाभाईंचे मोठे भाऊ दहावी पास होते.

जानेवारीपासून ती पहाटे चारला उठून वाचायची. पुढे रमज़ान आला आणि विज्ञानाचे दोन्ही पेपर रोज्यात आले, तर म्हणाली, बरंच झालं, सहरीला उठायचंच असतं. सहरी करता करता फोन स्पीकरवर ठेवून उजळणी व्हायची. मी पुण्यात, अंथरुणात, डोळे मिटून विचारायचो, कणाधारी प्राण्यांची लक्षणं? तिकडून चपाती भाजल्याचा आवाज आणि उत्तर. बदकचोच्याला जोडणारा दुवा का म्हणतात? तो अंडी घालतो आणि पिलांना दूध पाजतो, सरपटणारा बी आणि सस्तन बी. प्लॅनेरियाचे दोन तुकडे केले तर? दोन प्लॅनेरिया. "इसकू बैठक बिठाने की ज़रूरतच नै," असं ती एकदा म्हणाली आणि आम्ही दोघं इतके हसलो की अज़ान व्हायला आली तरी तिचं पाणी प्यायचं राहिलं होतं. त्या रविवारनंतर पहिल्यांदाच तिने तो विषय काढला होता.

पेपरच्या दिवशी मी रजा काढून गेलो. केंद्राच्या फाटकाबाहेर पालकांच्या गर्दीत मी उभा, आणि आत गणवेशातल्या मुलींच्या रांगेत काळा बुरखा घातलेली माझी बहीण, हातात पारदर्शक पाऊच. दोन तासांनी बाहेर आली ती घाईत. आला का तो प्रश्न, मी विचारलं. नाही आला. सूत्री विभाजनाची आकृती आली, आपत्ती व्यवस्थापनावर काहीतरी आलं, ते तिने वॉर्डात आग लागली तर काय करायचं याच्या प्रशिक्षणावरून लिहिलं. वाय आलाच नाही. तिला त्याचा राग आला होता, खरोखरचा, तयारी केलेलं न विचारल्यावर मुलांना येतो तसा.

निकालात इंग्रजीत ती काठावर सुटली आणि विज्ञानात 58. मार्कशीट लॅमिनेट करू नकोस, असं मी म्हणेपर्यंत तिने करून आणली होती.

कामाच्या ठिकाणी तिचं अजून काही झालेलं नाही, अर्ज दिला आहे. मध्यंतरी मात्र तिला तिथं एकदा बोलणी बसली. दुसऱ्या मुलीच्या वेळी एक सासू व्हरांड्यात सुनेच्या नावाने रडत होती, तर आपाने तिला बाकावर बसवून, पावतीच्या पाठीमागे पेनने एक्स आणि वाय काढून दाखवले. सुपरवायझरने नंतर सुनावलं की हे तुझं काम नाही. मी विचारलं, मग सासूबाई काय म्हणाल्या? आपा म्हणाली, तो कागद घडी घालून पिशवीत टाकला आणि घेऊन गेल्या, बोलल्या काही नाहीत.

मग तिने विचारलं की बारावी बाहेरून करताना बायोलॉजी घेता येतं का, प्रॅक्टिकलचं काय करतात. मी म्हटलं, चौकशी करून सांगतो. "जल्दी पूछ," ती म्हणाली, "तेरी आदत है चुप बैठने की."